वाघ, हुमा आणि संग्रहालयाची पाटी

बी.एड.ला असताना पाठाचे टाचण काढायची सवय लागली, ती नोकरीत आल्यावरही सुटली नाही. टाचणात 'शैक्षणिक साहित्य' असा एक रकाना असतो. आठवीच्या वर्गाला कंपनी सरकारचा विस्तार शिकवायचा होता, तेव्हा त्या रकान्यात मी 'टिपू सुलतानचा लाकडी वाघ : चित्र' असे लिहिले आणि ते चित्र मोठे छापून वर्गात नेले. गोऱ्या माणसाला उताणे पाडून त्याच्या गळ्यात दात रोवलेला पट्टेदार वाघ. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मुलांना मोठी मौज वाटली. चित्राखाली बारीक अक्षरांत संग्रहालयाचे नाव होते : व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, लंडन. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने ते वाचले.

"टीचर, शेर अपना, सुलतान अपना. फिर वो लंडन में कायकू है?"

"लूट में गया," मी म्हटले.

"तो फिर नीचे 'लूट का माल' ऐसा कायकू नै लिखे?"

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले. प्रश्न मात्र सुटला नाही. वस्तूखाली जी पाटी लावतात तिच्यावर काय लिहावे, हा प्रश्न आठवीतल्या मुलीला पडतो, तसाच तो मोठमोठ्या विद्वानांनाही पडला आहे. त्यांच्यापैकी एकाचे काम इथे सांगायचे आहे, कारण त्या कामाच्या उजेडात आपल्या श्रीरंगपट्टणकडे पाहिले तर बरेच काही वेगळे दिसते. त्यातले काही आपल्याला आवडेल, काही आवडणार नाही.

डॅन हिक्स हे ऑक्सफर्ड विद्यापीठात पुरातत्त्वाचे प्राध्यापक आणि तिथल्याच पिट रिव्हर्स संग्रहालयाचे क्युरेटर. म्हणजे वस्तू सांभाळायच्या आणि त्यांच्याविषयी शिकवायचेही, अशी दुहेरी जबाबदारी. त्यांनी २०२० साली 'द ब्रुटिश म्युझियम्स' नावाचे पुस्तक लिहिले. 'ब्रिटिश' या शब्दातले एकच अक्षर बदलून त्यांनी पाशवी असा अर्थ काढला आहे. विषय आहे पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन राज्याचा. हे राज्य आजच्या नायजेरियात मोडते. बेनिन नावाचा शेजारचा देश वेगळा. तिथल्या राजाला 'ओबा' म्हणतात. ओबाच्या राजवाड्यात पितळेची शेकडो शिल्पे, मुखवटे, कोरीव हस्तिदंत होते. मेणाच्या साच्यावर माती थापून, मेण गाळून, त्या पोकळीत धातू ओतायची ही कला तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिथल्या लोकांना लिहिलेली तवारीख नव्हती. ही शिल्पेच त्यांची तवारीख होती.

जानेवारी १८९७ मध्ये जेम्स फिलिप्स नावाचा इंग्रज अधिकारी, येऊ नका असा निरोप असतानाही, काही गोरे सोबती आणि आफ्रिकी हमाल घेऊन बेनिनकडे निघाला. वाटेत हल्ला झाला. फिलिप्ससह सात गोरे आणि बरेच हमाल मारले गेले. पुढच्याच महिन्यात अ‍ॅडमिरल रॉसन याच्या हाताखाली आरमाराची फौज आली. मॅक्सिम तोफांनी वाटेतली गावे झोडपली, राजधानी घेतली, शहर जळाले आणि राजवाडा रिकामा झाला. ओबा ओवोनरामवेन याला कलाबार इथे हद्दपार केले. १९१४ साली तो तिथेच वारला. हजारो वस्तू युरोपात गेल्या. काही अधिकाऱ्यांनी ठेवल्या, काही विकून मोहिमेचा खर्च भागवला.

इंग्रजी पुस्तकांत या प्रकरणाला बरीच वर्षे 'शिक्षेची मोहीम' म्हटले जाई. म्हणजे त्यांनी आमची माणसे मारली, आम्ही शिक्षा दिली. हिक्स यांनी सरकारी कागदपत्रांतून दाखवले की गोष्ट आधीपासून शिजत होती. नोव्हेंबर १८९६ मध्येच फिलिप्सने लंडनला लिहून ओबाला गादीवरून काढण्याची परवानगी मागितली होती, आणि राजवाड्यातल्या हस्तिदंतातून खर्च वसूल होईल अशी आशाही त्यात व्यक्त केली होती. खरे कारण होते ताडाच्या तेलाचा आणि रबराचा व्यापार.

हिक्स यांचा मुख्य मुद्दा मात्र पुढे आहे. संग्रहालयशास्त्रात वस्तूचे 'चरित्र' लिहायची पद्धत पडली आहे. ती कुणी घडवली, कुणाच्या हातात गेली, कपाटात कशी आली. ऐकायला हे गोड वाटते, जणू वस्तू सफरीला निघाली होती. हिक्स म्हणतात, लुटीच्या वस्तूचे चरित्र कसले लिहिता? तिच्या निमित्ताने जे मेले, जे मोडले, जे तुटले त्याची नोंद आधी लिहा. त्यांनी त्याला 'मृत्यूचे लेखन' या अर्थाचा शब्द घडवला आहे. आणि ते असेही म्हणतात की लूट १८९७ साली संपलेली नाही. संग्रहालयाचे दार रोज सकाळी उघडते आणि ती वस्तू तिथेच असते, तेव्हा ती लूट रोज नव्याने घडते. बेनिनच्या वस्तू आज जगातल्या दीडशेहून अधिक संग्रहालयांत विखुरल्या आहेत. हिक्स यांनी स्वतःच्या संग्रहालयालाही यातून वगळलेले नाही. आपल्याच घराची झडती घेणारा माणूस मला नेहमी विश्वासाचा वाटतो.

आता हीच रीत श्रीरंगपट्टणला लावून पाहू.

४ मे १७९९. दुपारी जनरल बेअर्डच्या फौजा तटाच्या खिंडारातून आत शिरल्या. टिपू सुलतान पाणदरवाजाजवळ लढताना शहीद झाले. त्या रात्री शहरात जी लूट झाली तिचे वर्णन खुद्द इंग्रजांनीच केले आहे. ती थांबवण्यासाठी कर्नल आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, काही जणांना फाशी द्यावे लागले, काहींना फटके मारावे लागले. पण फाशी झाली ती बेशिस्त लुटीला. शिस्तीतल्या लुटीसाठी रीतसर कमिटी होती. तिने खजिना, दागिने, हत्यारे, कापडचोपड मोजले, किंमत ठरवली आणि हुद्द्याप्रमाणे वाटे पाडले. सेनापती हॅरिसच्या वाट्याला सुमारे १ लाख ४३ हजार पौंड आले. त्याने हक्कापेक्षा जास्त घेतले म्हणून खुद्द कंपनीनेच त्याच्याशी वाद घातला. साध्या गोऱ्या शिपायाच्या हाती मोजकेच पौंड पडले आणि देशी शिपायाच्या हाती त्याहूनही कमी.

टिपूंच्या सिंहासनाचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. लाकडावर सोन्याचा पत्रा, खाली वाघाचे मोठे मस्तक, कठड्यावर रत्नजडित छोटी व्याघ्रमुखे आणि छत्रीवर सोन्याचा हुमा पक्षी. हुमा म्हणजे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्याच्या डोक्यावरून त्याची सावली जाईल तो बादशहा होतो. गव्हर्नर जनरल वेलस्लीला हे सिंहासन आख्खे लंडनला पाठवायचे होते. पण तोवर कमिटीने वाटे पाडायच्या घाईत त्याचे तुकडे केले होते. आज हुमा आणि मोठे व्याघ्रमस्तक विंडसरच्या राजवाड्यात आहेत, एक छोटे मुख वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे, काही लिलावांत फिरली आहेत. त्याच पोविस किल्ल्यात टिपूंचा छिटाच्या कापडाचा तंबूही आहे. मद्रासचा तेव्हाचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या घराण्याकडे तो गेला. राज्य मोडले आणि सिंहासनही मोडले. एकच गोष्ट दोनदा झाली.

वाघाकडे येऊ. हा लाकडी वाघ सुमारे पावणेदोन मीटर लांब आहे. आत बाजाच्या नळ्या आहेत. बाजूची दांडी फिरवली की माणसाचा हात हलतो, वाघाची डरकाळी आणि माणसाचे कण्हणे ऐकू येते. १८०८ पासून तो लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीत ठेवला होता. येणारेजाणारे दांडी फिरवत, इतकी की तिथल्या वाचनालयात बसणाऱ्यांना तो ताप वाटू लागला. पुढे तो आजच्या संग्रहालयात गेला. दुसऱ्या महायुद्धात छप्पर कोसळून त्याची मोडतोड झाली, १९४७ मध्ये तो पुन्हा जोडला.

या वाघाबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाई. जनरल हेक्टर मन्रोच्या तरुण मुलाला १७९२ च्या डिसेंबरात बंगालच्या सागर बेटावर वाघाने मारले. मन्रो हैदरअलींचा शत्रू. म्हणून टिपूंनी आनंदाने हे खेळणे बनवून घेतले. एका बापाच्या दुःखावर हसणारा क्रूर सुलतान, अशी ही तसबीर. पण टिपूंसाठी घडवलेल्या एका बंदुकीच्या चांदीच्या कामावर हेच दृश्य आहे, वाघाखाली युरोपी माणूस, आणि ती बंदूक १७८७-८८ ची आहे. म्हणजे मन्रोचा मुलगा मरण्याच्या चार-पाच वर्षे आधीची. त्याच संग्रहालयाच्या क्युरेटर सुसान स्ट्राँज यांनी टिपूंच्या या वाघांवर २००९ साली पुस्तक लिहिले आहे. एका तारखेने एक बदनामी सैल झाली. क्युरेटरचे काम म्हणजे नुसती धूळ झटकणे नव्हे, ते असे असते.

कलेचा उपयोग लुटीनंतरही थांबत नाही. श्रीरंगपट्टण पडल्यावर वर्षभरात लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टर याने त्या हल्ल्याचे शंभर फुटांहून लांब चित्र काढून तिकीट लावून दाखवले. १८३९ मध्ये डेव्हिड विल्कीने बेअर्डला टिपूंचा मृतदेह सापडतो ते भलेमोठे चित्र रंगवले. ते आज एडिंबराला आहे. चित्रकार तिथे नव्हते, पण इंग्रज जनतेने ही लढाई त्यांच्याच डोळ्यांनी पाहिली. आपल्याकडे याच्या उलट बाजूचे चित्रही आहे. श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत बागेतल्या भिंतीवर १७८० ची पोलिलूरची लढाई रंगवली आहे, ज्यात हैदरअली आणि टिपूंनी कर्नल बेलीचा पराभव केला. गंमत अशी की ते चित्र इंग्रजांनीच, आधी वेलस्लीने आणि नंतर डलहौसीने, दुरुस्त करून घेतले. जिंकलेल्याला हरल्याचे चित्रही जपणे परवडते.

आणि ते पदक. कंपनीने विजयानिमित्त बर्मिंगहॅमच्या टांकसाळीत पदके पाडली. वरच्यांना सोन्याची, मग चांदीची, खाली उतरत साध्या शिपायांना कथलाची. त्यावर ब्रिटनचा सिंह टिपूंच्या वाघाला आडवा पाडतो आहे. सिंहाच्या वरच्या निशाणावर अरबी अक्षरे आहेत : असदुल्लाहिल गालिब. अल्लाहचा विजयी सिंह. हा हजरत अलींचा लकब. टिपूंच्या हत्यारांवर, निशाणांवर हेच शब्द वाघाच्या चेहऱ्याच्या आकारात लिहिलेले असत. म्हणजे खजिना नेला, सिंहासन नेले, आणि शेवटी बोधवाक्यही नेले. ज्याने ते अक्षर खोदवले त्याला अर्थ ठाऊक होता, म्हणून तर त्याने ते सिंहाला दिले.

इथवर लिहिणे सोपे होते. पुढचे थोडे जड आहे.

टिपूंच्या ग्रंथालयात सुमारे दोन हजार हस्तलिखिते होती. ती कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, कंपनीच्या लंडनच्या ग्रंथालयात, ऑक्सफर्ड-केंब्रिजला वाटली गेली. स्वतः टिपूंनी फारसीत लिहिलेली स्वप्नांची वहीही त्यांच्या शयनगृहात सापडली आणि लंडनला गेली. चार्ल्स स्टुअर्ट या प्राध्यापकाने १८०९ मध्ये या ग्रंथांची यादी छापली. तिच्या सुरुवातीला तो सांगतो की यातले फारच थोडे ग्रंथ बापलेकांनी विकत घेतले होते. बहुतेक सावनूर, कडप्पा आणि कर्नाटकच्या स्वाऱ्यांत हाती लागलेले होते. काही तर पूर्वी विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सुलतानांचे होते. विजेत्याने लिहिले म्हणून हे खोटे, असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. लुटीतली लूट होती ती. मग सावनूरच्या नवाबाच्या वारसांनी कुणाकडे हात पसरायचा? कुर्ग आणि मलबारात टिपूंच्या फौजांकडून ज्यांची घरे उजाडली, त्यांच्या आठवणींची पाटी कुठे लावायची?

आणि मराठी वाचक म्हणून आणखी एक पान उलटावे लागते. १७९१ मध्ये टिपूंविरुद्धच्या मोहिमेत पटवर्धनांच्या मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्ती हलवली. मूर्तीची पुन्हा स्थापना करायला टिपूंनी मदत पाठवली. त्यांची शंकराचार्यांना लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये उजेडात आली. पुढच्या वर्षीच्या तहात टिपूंचे निम्मे राज्य इंग्रज, निजाम आणि पेशवे यांनी वाटून घेतले. निजामाची फौज तर १७९९ मध्येही इंग्रजांबरोबर होती. तेव्हा लुटणारे सगळे गोरे आणि लुटलेले सगळे एका धर्माचे, असा हा हिशेब नाही. हिंदू फौजेने मठ लुटावा आणि मुसलमान सुलतानाने तो सावरावा, मुसलमान निजामाने मुसलमान सुलतानावर तोफा लावाव्यात. इतिहासाला आपल्या सोयीच्या रांगेत उभे करता येत नाही.

उर्दूत लढाईत मिळालेल्या मालाला 'माल-ए-गनीमत' म्हणतात. मराठीत शत्रूला 'गनीम' म्हणतात. गनिमी कावा त्यातूनच आला. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. एका भाषेने लुटलेल्या मालाकडे पाहिले, दुसरीने लुटणाऱ्याकडे. उर्दूत तर 'गनीमत है' म्हणजे 'नशीब समजा'. ज्याच्या हातात माल आला त्याचीच ही भाषा. ज्याचा गेला त्याने काय म्हणावे?

मग सगळेच लुटत होते, तर इंग्रजांना का विचारायचे, असा सवाल कुणी करील. बेनिनच्या बाबतीतही तो झाला. ओबांच्या राज्यात गुलामांचा व्यापार चाले आणि युरोपियांकडून त्या बदल्यात आलेले धातूचे कडे वितळवून शिल्पे झाली, तेव्हा आमचाही त्यांवर हक्क आहे, असे अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांच्या एका गटाने म्हटले. प्रश्न खोटा नाही. पण सावनूरच्या नवाबाची पोथी टिपूंनी नेली म्हणून ती लंडनची होत नाही. चोराकडून चोरलेल्या मालावर दुसऱ्या चोराचा हक्क बसत नाही. उलट आधीच्या मालकाचे नाव शोधण्याची जबाबदारी दुप्पट होते. शिवाय कंपनीने लुटीला कमिटी, यादी, लिलाव, पदक आणि शेवटी संग्रहालय अशी कायम व्यवस्था करून दिली. तलवार गंजते, पण व्यवस्था गंजत नाही.

परतफेडीचे वारे अलीकडे सुटले आहेत. २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने बेनिनचा पितळी कोंबडा परत केला. २०२२ मध्ये जर्मनीने हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे दिली, लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची. २०२५ मध्ये हॉलंडने ११९ वस्तू पाठवल्या. परत आलेल्या वस्तू सरकारच्या की ओबांच्या, हा वाद तिथेही झाला. तो त्यांचा घरचा वाद आहे. आपल्याकडे पाहावे तर २०२२ मध्ये ग्लासगोच्या संग्रहालयांनी भारताला सात वस्तू परत देण्याच्या करारावर सही केली. त्यात निजामाच्या हैदराबादेतून १९०५ साली चोरीला गेलेली एक तलवार आहे.

पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसारख्या राष्ट्रीय संग्रहालयाला १९८३ च्या कायद्याने वस्तू परत देण्याला जवळजवळ बंदीच केली आहे. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने. म्हणूनच त्याच संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती उसनी. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हेही त्या संग्रहालयाने स्वतः सांगितले. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लिलावात पैसे मोजून घेतली. आणि टिपूंच्या शयनगृहातली तलवार, जी बेअर्डला बक्षीस मिळाली होती, ती मे २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात एक कोटी चाळीस लाख पौंडांना विकली गेली. सिंहासनाचे तुकडे करणाऱ्या कमिटीने इतकी किंमत स्वप्नातही धरली नसेल.

वाघ परत यावा का? यावा, असे मला वाटते. पण तो येईपर्यंत, आणि आल्यावरही, पाटी खरी असावी हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. वाघ परत आला आणि आपण त्याखाली दुसरी खोटी पाटी लावली, तर नुसते कपाट बदलेल.

संग्रहालयवाले स्वतःला वस्तूंचे विश्वस्त म्हणवतात. आपल्याकडे त्याला अमानतदार म्हणतात. पदकावर ज्यांचा लकब कोरला त्या हजरत अलींची एक गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. हिजरतच्या रात्री हुजूर (स.) मक्का सोडून निघाले, तेव्हा लोकांच्या अमानती त्यांच्याजवळ होत्या. त्यातले अनेक लोक त्यांच्या जिवावर उठलेल्या टोळीतलेच होते. तरी हजरत अलींना मागे ठेवले, ज्याची त्याची वस्तू ज्याला त्याला परत करण्यासाठी. असदुल्लाह हे नाव त्यांना लढाईत शोभले तसेच या कामातही शोभले. कंपनीने त्यांचे नाव घेतले ते मात्र भलत्याच कामाला.

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला गृहपाठ दिला : टिपूंच्या ग्रंथालयातल्या एका पोथीसाठी पाटी लिहा, चार ओळींत. बहुतेकांनी 'टिपू सुलतान की किताब, अंग्रेज ले गए' असे लिहून आणले. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीची पाटी अशी होती : 'ये किताब किसने लिखी मालूम नहीं. सावनूर से श्रीरंगपट्टण लाई गई. श्रीरंगपट्टण से लंडन ले गए. किसी ने भी पूछा नहीं.'

मी ती वर्गाच्या भिंतीवर, वाघाच्या चित्राशेजारी लावली आहे.